पुन्हा पेटणारा पिवळा दिवा

सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीचे सौदे सुरू झाले की पेढीवरच्या माणसांना मान वर करण्याची उसंत मिळत नाही. अशाच ऐन हंगामात एका अडत पेढीच्या मालकाचे लक्ष मात्र सौद्यांपेक्षा दारातल्या मोटारीकडे अधिक लागलेले होते. गाडी २०१५ सालची, पेट्रोलवर चालणारी. पुण्यात थोरल्या मुलाने ती सहा वर्षे वापरली आणि नंतर सांगलीला आणून सोडली. धाव एक लाख बारा हजार किलोमीटर. इंजिनाचा आवाज स्वच्छ, धूर नाही, चढावर दम लागणे नाही. तरीही दिवाळीपासून समोरच्या फलकावर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा पेटू लागला होता. गॅरेजमध्ये नेऊन तो विझवला की कधी आठ दिवस, कधी वीस दिवस शांततेत जात, आणि एके दिवशी तो पुन्हा पेटलेला दिसे.

या दिव्यावर घरातल्या दोन गोष्टी अवलंबून होत्या. पहिली आजींची. त्यांना आठवड्यातून दोनदा डायलिसिससाठी मिरजेला न्यावे लागे. अंतर दहा किलोमीटरच्या आसपास. पण उपचारानंतर थकलेले माणूस गाडीत असताना ती वाटेत बंद पडली तर काय, ही धास्ती सुनेच्या मनातून जात नव्हती. दुसरी गोष्ट पेढीच्या शब्दाची होती. चौतीस वर्षे वह्या सांभाळणारे दिवाणजी गुढीपाडव्याला निवृत्त होणार होते आणि ही गाडी त्यांना द्यायची, असे शेठजींनी दोन वर्षांपूर्वीच सर्वांसमक्ष सांगितले होते. सदोष वस्तू निष्ठावंत माणसाच्या गळ्यात कशी मारायची, हा प्रश्न शेठजींना आतून खात होता. दिवाणजी स्वतः त्याविषयी एक अक्षर बोलत नव्हते, म्हणून तो अधिकच खात होता.

पाडव्यापर्यंत तीन गॅरेज झाली. पहिल्या ठिकाणी यंत्र लावून पाहिले तेव्हा ‘पी०१७१’ असा कोड आला. त्याचा अर्थ, मिश्रणात पेट्रोल कमी आणि हवा जास्त. धुरातला प्राणवायू मोजणारा सेन्सर हे सांगतो, तेव्हा सेन्सरच बिघडला असणार, असा तर्क करून तो बदलण्यात आला आणि साडेपाच हजार रुपये गेले. सोळा दिवसांनी दिवा परत आला. दुसऱ्या ठिकाणी इंजेक्टर धुतले, हवेचा फिल्टर बदलला आणि कोड पुसून दिला. तिसऱ्या ठिकाणी पेट्रोलच्या पंपावर संशय घेऊन मोठा आकडा सांगण्यात आला. शेठजींची चलबिचल पाहून तिथल्या माणसाने हळूच एक स्वस्त उपायही सुचवला. गाडी द्यायचीच आहे ना, मग फलक उघडून दिवाच काढून टाकू. घेणाऱ्याला काही दिसणार नाही. शेठजी काही न बोलता गाडी घेऊन घरी आले.

हा दिवा मुळात कोणासाठी आहे, हे समजून घेतल्याशिवाय त्याच्या वागण्याचा उलगडा होत नाही. बहुतेकांची समजूत अशी असते की तो इंजिनाच्या प्रकृतीसाठी आहे. प्रत्यक्षात त्याचा जन्म हवेच्या काळजीतून झाला. गेल्या शतकाच्या मध्यावर अमेरिकेतील लॉस एंजेलिस शहर मोटारींच्या धुराने काळवंडले आणि कॅलिफोर्निया राज्याने गाड्यांच्या धुरावर बंधने आणली. धूर शुद्ध करणारी उपकरणे गाड्यांत आली. पण नवी असताना काम करणारी उपकरणे पाच-दहा वर्षांनंतरही काम करतात की नाही, हे कोण पाहणार? गाडीने स्वतःच ते पाहावे आणि बिघाड झाल्यास चालवणाऱ्याला सांगावे, असा नियम त्या राज्याने १९८८ च्या गाड्यांपासून लागू केला. १९९६ पासून अमेरिकेतील सर्व नव्या मोटारींना एकाच प्रकारची सोळा पिनांची जोडणी आणि एकाच लिपीतले कोड सक्तीचे झाले. युरोपात पेट्रोल गाड्यांसाठी ही व्यवस्था २००१ मध्ये आली. भारतात भारत स्टेज चारच्या गाड्यांना २०१० पासून पहिला टप्पा आणि २०१३ पासून दुसरा टप्पा लागू झाला.

जुनी गाडी बाळगणाऱ्याने या दोन टप्प्यांतला फरक लक्षात ठेवण्यासारखा आहे. पहिल्या टप्प्यातली गाडी मुख्यतः तारा तुटल्या आहेत का, सेन्सरकडून संदेश येतो आहे का, एवढेच तपासते. दुसऱ्या टप्प्यातली गाडी त्यापुढे जाऊन प्रत्येक भाग आपले काम नीट करतो आहे का, याचीही परीक्षा घेते. म्हणून २०११ ची गाडी गप्प असते आणि २०१५ ची बोलते. याचा अर्थ पहिली निरोगी आणि दुसरी आजारी असा होत नाही.

या परीक्षा सतत चालू असतात, पण दिवा लगेच पेटत नाही. बहुतेक दोषांच्या बाबतीत एका फेरीत दोष दिसला तर संगणक तो मनात ठेवतो, आणि लागोपाठच्या दुसऱ्या फेरीत पुन्हा दिसला तरच दिवा लावतो. उलट, तीन फेऱ्या सलग निर्दोष गेल्या की दिवा आपण होऊन विझतो. त्याची नोंद मात्र इंजिन चाळीसेक वेळा थंड होऊन पुन्हा गरम होईपर्यंत स्मृतीत राहते. म्हणजे विझलेल्या दिव्याची गाडी बरी झाली असे नाही, आणि पेटलेल्या दिव्याच्या गाडीत त्या क्षणी दोष असेलच असेही नाही.

तीन गॅरेजांतून फिरलेल्या या गाडीबाबत आणखी एक गोष्ट घडली होती. दिवा पेटतो त्या क्षणाची स्थिती संगणक एका छोट्या नोंदीत जपून ठेवतो. गाडीचा वेग किती, इंजिनाचे फेरे किती, पाण्याचे तापमान किती, पेट्रोलमध्ये किती दुरुस्ती चालू होती, असे दहा-बारा आकडे तीत असतात. चोरी झालेल्या घरातली ती पावलांची छापच म्हणायची. कोड पुसला की ती नोंदही पुसली जाते. शिवाय संगणकाने दिवसेंदिवस शिकून ठेवलेली दुरुस्तीही शून्यावर येते. मग तो नव्याने शिकू लागतो. तोवर दोष दडून राहतो आणि मालकाला वाटते, काम झाले. प्रत्येक गॅरेजने पहिल्यांदा केले ते हेच. पुरावा पुसला, घड्याळ मागे फिरवले आणि नंतर तर्क लढवला.

पाडव्याला तीन आठवडे उरले असताना शेठजींच्या मेव्हण्यांनी मिरजेच्या एका वयस्कर मिस्त्रींचे नाव सुचवले. त्यांचे गॅरेज लहान, दोन गाड्या उभ्या राहतील एवढेच. गाडी आली तेव्हा दिवा पेटलेला होता. मिस्त्रींनी पहिला प्रश्न विचारला तो गाडीविषयी नव्हता.

“मालक, दिवा कधी कधी पेटला, कोणाला आठवतंय का?”

शेठजींनी दिवाणजींकडे पाहिले. दिवाणजींनी पिशवीतून एक लांबट वही काढली. पेढीच्या हिशेबाशी तिचा संबंध नव्हता. गाडीत पेट्रोल कधी भरले, किती लिटर, किती किलोमीटरवर, कोण कोठे घेऊन गेले, याची ती नोंदवही होती, आणि दिवाळीनंतर तीत दिवा पेटल्याच्या तारखाही होत्या. कोणी सांगितले म्हणून त्यांनी हे लिहिले नव्हते. लिहिल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे एवढेच. दिवा पाच वेळा पेटला होता. पाचही वेळा तो दिवस आजींच्या उपचाराचा होता. कोल्हापूरला, जयसिंगपूरला, एकदा पंढरपूरला जाऊन आलेल्या दिवसांत तो एकदाही पेटला नव्हता.

“आजींना सोडल्यावर गाडी कुठं असते?”

नातू म्हणाला, “काका, त्या बाहेर यायच्या आधी अर्धा तास मी गाडी चालू करून ठेवतो. एसी लावतो. उन्हात तापलेल्या गाडीत त्यांना बसवत नाही.”

मिस्त्रींनी मान डोलावली आणि हातातले यंत्र स्टिअरिंगखालच्या जोडणीला लावले. कोड पुसला मात्र नाही. आधी जपलेली नोंद उघडली. वेग शून्य. फेरे मिनिटाला सुमारे आठशे. पाणी चौऱ्याण्णव अंश. पेट्रोलची दीर्घकालीन दुरुस्ती अधिक चोवीस टक्के. गरम झालेले इंजिन, उभी गाडी. वहीने जे सांगितले तेच संगणकानेही सांगितले होते.

ही ‘दुरुस्ती’ म्हणजे काय, ते व्यापारी माणसाला चटकन उमगावे असे आहे. एक किलो पेट्रोल पूर्ण जळण्यासाठी सुमारे चौदा किलो सातशे ग्रॅम हवा लागते. आत येणारी हवा एक सेन्सर मोजतो, संगणक त्या मापाने पेट्रोल सोडतो, आणि धुराच्या नळीतला दुसरा सेन्सर उरलेला प्राणवायू पाहून हिशेब जुळला की नाही ते कळवतो. सेकंदासेकंदाला होणारी दुरुस्ती ही रोजकीर्द. तिच्यावरून हळूहळू पक्की होत जाणारी दीर्घकालीन दुरुस्ती ही खतावणी. अधिक चोवीस याचा अर्थ असा की, मोजलेल्या हवेच्या मानाने चोवीस टक्के पेट्रोल जादा सोडावे तेव्हा कोठे हिशेब जुळतो. किती आकड्यावर संगणकाने हात टेकावेत ही मर्यादा गाडीगणिक वेगळी असते, पण ती पुष्कळदा वीस ते पंचवीसच्या आसपास असते.

मग तूट येते कोठून? गोदामात माल कमी भरू लागला तर जाणता अडत्या काय करतो, ते आठवावे. ज्या दिवशी दहा क्विंटल आले त्या दिवशी एक क्विंटल कमी, आणि शंभर क्विंटल आले त्या दिवशीही एकच क्विंटल कमी, तर कोठेतरी ठरावीक मापाची गळती आहे. दहाला एक आणि शंभराला दहा अशी तूट असेल तर काटा खोटा आहे. आणि जितका माल अधिक तितकी तूट शेकड्यातही वाढत जात असेल, तर पुरवठा करणाऱ्याच्या ताकदीपलीकडचे काम त्याच्यावर पडले आहे.

इंजिनाचेही तसेच आहे. हवा मोजणाऱ्या सेन्सरच्या पुढे कोठे चीर असेल तर तिथून न मोजलेली हवा आत शिरते. उभ्या गाडीत इंजिन फार थोडी हवा ओढते, म्हणून या चोरट्या हवेचा वाटा मोठा दिसतो. फेरे वाढवले की एकूण हवा अनेक पटींनी वाढते आणि तोच वाटा किरकोळ होतो. हवा मोजणारा सेन्सरच धुळीने माखलेला असेल तर तूट सर्व फेऱ्यांना दिसते. पंप थकला असेल तर उभ्या गाडीत सारे सुरळीत आणि चढावर, वेगात तूट वाढते. तेव्हा कोड एकच असला तरी त्यामागे तीन निरनिराळे चोर असू शकतात, आणि त्यांना ओळखायला एकही भाग विकत घ्यावा लागत नाही.

मिस्त्रींनी नातवाला फेरे अडीच हजारांवर धरायला सांगितले. दुरुस्तीचा आकडा चोवीसवरून उतरत उतरत अकरावर आला. पाय काढताच पुन्हा चढू लागला. पंपाचा प्रश्न तिथेच मिटला. गळती होती, आणि ती हवेची होती.

येथे एक सावधगिरी सांगायला हवी. हे गणित हवेचे प्रमाण थेट मोजणाऱ्या सेन्सरच्या गाडीला लागू पडते. अनेक लहान गाड्यांत त्याऐवजी हवेचा दाब मोजतात; तिथे अशी चीर पडली तर दुरुस्तीचा आकडा फारसा हलत नाही, उभ्या गाडीत इंजिनाचे फेरे मात्र कारण नसताना वाढलेले राहतात. बाहेरून सीएनजी किट बसवलेल्या गाड्यांचे तर स्वतंत्रच प्रकरण आहे. गॅसवर शिकलेली दुरुस्ती पेट्रोलच्या माथी बसते आणि दिवा पेटतो. अशा गाडीची तपासणी दोन्ही इंधनांवर वेगवेगळी केल्याशिवाय काही कळत नाही. आणि परदेशी सल्ल्यांतून आलेली ‘पेट्रोलच्या टाकीचे झाकण घट्ट करून पाहा’ ही सूचना अमेरिकेतील गाड्यांना उपयोगी आहे, कारण तिथे टाकीतून वाफ सुटते का हेही संगणक तपासतो. आपल्याकडील जुन्या गाड्यांत बहुधा ती तपासणीच नसते.

गळती कोठे आहे हे डोळ्यांना दिसत नव्हते. काही ठिकाणी इंजिन चालू ठेवून नळ्यांवर ज्वालाग्राही फवारा मारतात आणि आवाज बदलतो का ते ऐकतात. गरम इंजिनावर तो उद्योग आगीला आमंत्रण आहे. घरी तर कधीच करू नये. मिस्त्रींनी इंजिन बंद करून हवेच्या मार्गात यंत्राने हलका पांढरा धूर भरला. दोन-तीन मिनिटे काहीच झाले नाही. मग हवेच्या फाट्याखालून, जिथे हातही पोहोचत नाही अशा कोपऱ्यातून, उदबत्तीसारखी एक बारीक रेघ वर आली.

इंजिनाच्या पोटातली वाफ परत हवेच्या मार्गात नेणारी बोटभर जाडीची रबरी नळी होती ती. वाकणाच्या आतल्या बाजूला तिला तडा गेला होता. थंड असताना तो जवळजवळ मिटलेला असे. अर्धा तास उभे राहून बॉनेटखाली उष्णता साठली की रबर मऊ होऊन तडा उघडे. दहा वर्षे जुन्या रबराला असे होणे नवलाचे नाही. नळीची किंमत चारशे ऐंशी रुपये निघाली. ती मिरजेत मिळाली नाही, कोल्हापूरहून मागवावी लागली आणि त्यात दोन दिवस गेले. (धान्य-हळदीच्या गोदामापाशी गाडी उभी करणाऱ्यांनी याच कोपऱ्यात बॅटरी लावून अधूनमधून पाहत राहावे. उंदरांना या नळ्या आणि तारांचे वेष्टण दोन्ही आवडते. बॉनेटखाली धान्याची टरफले दिसली तर मिस्त्रींकडे जाण्याआधी घरात पिंजरा लावून उंदीर दूर रानात सोडून यावा, नाहीतर नवी नळीही आठवडाभरच टिकेल.)

एक कोडे मात्र उरले. तडा काही दिवाळीला पडला नव्हता. कडेची धूळ पाहता तो बराच जुना असावा. मग गाडी इतके दिवस गप्प का होती? आणि फेरे वाढवल्यावरही आकडा शून्याजवळ न येता अकरावर का अडला?

उत्तर सांगली-कोल्हापूरच्या माणसाला अनोळखी नाही. ते उसाच्या फडात आहे. साखर कारखान्यांतून निघणारे इथेनॉल पेट्रोलमध्ये मिसळण्याचे प्रमाण देशभर वाढत वाढत वीस टक्क्यांवर आले. इथेनॉलच्या रेणूत प्राणवायू आधीच असतो. त्यामुळे त्याच्या एका किलोला नऊ किलो हवाच पुरते. वीस टक्के मिश्रणाला सुमारे साडेतेरा किलो लागते. निव्वळ पेट्रोलच्या मापाने हिशेब करणाऱ्या संगणकाला अशा इंधनावर आठ-नऊ टक्के जादा सोडावे लागते, आणि ती तूट उभ्या गाडीत, वेगात, चढावर, सर्वत्र सारखीच दिसते. ही काट्याची तूट. जुन्या गाडीला ती निभावता येते, कारण मर्यादा अजून दूर असते. पण आधीच पंधरा-सोळा टक्क्यांची गळती बाळगून असलेल्या गाडीवर हे आठ येऊन पडले की बेरीज चोवीसला भिडते. इंधन बदलले नसते तर तडा आणखी काही वर्षे झाकून राहिला असता. तडा नसता तर बदललेल्या इंधनाने दिवा पेटला नसता. गाडी २०१५ ची असल्याने दोघांची गाठ पडली. वीस टक्के मिश्रण धरून बनवलेल्या गाड्या २०२३ च्या एप्रिलपासून बाजारात येऊ लागल्या. त्याआधीच्या गाड्यांत दिवा पेटला की सगळा दोष इथेनॉलवर ढकलण्याची हल्ली पद्धत पडली आहे. ती सोयीची आहे, पण पुष्कळदा तिच्यामुळे खरी गळती तशीच राहते.

नळी बदलल्यावर कोड पुसण्यात आला. या वेळी तो पुसणे योग्य होते. मिस्त्रींनी पैसे घेण्यापूर्वी एक अट घातली. आठ दिवस गाडी नेहमीसारखी वापरायची, आजींच्या दिवशी अर्धा तास उभी चालू ठेवायची, आणि मग त्यांना आकडा दाखवायचा. साडेपाच हजारांचा नवा सेन्सर काढून जुना परत बसवता येईल का, असे शेठजींनी अर्धवट गमतीने विचारले. “राहू द्या,” मिस्त्री म्हणाले, “जुनाही चांगलाच होता. खरं बोलत होता म्हणून त्याला काढलं.”

तोवर सुनेच्या मनातली धास्ती कोणी विचारात घेतली नव्हती. तिने ती गॅरेजमध्येच विचारली. दिवा पेटलेला असताना आजींना घेऊन जाणे योग्य होते का? दिवा पिवळा आणि स्थिर असेल, गाडीच्या चालण्यात, आवाजात, वासात फरक नसेल, तर जवळचा प्रवास करून सवडीने तपासणी करता येते. तोच दिवा लुकलुकू लागला तर एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल न जळता पुढे जात असते आणि धूर शुद्ध करणारे महागडे उपकरण त्या न जळलेल्या पेट्रोलने तापून निकामी होऊ शकते. अशा वेळी वेग कमी करून गाडी बाजूला घ्यावी. आणि तेलाचा किंवा तापमानाचा तांबडा दिवा पेटला तर घर शंभर पावलांवर असले तरी इंजिन तिथेच बंद करावे. मिस्त्रींनी हे तिला सांगितले तेव्हा तिने ते दिवाणजींच्या वहीत शेवटच्या पानावर लिहून घेतले.

दिवा काढून टाकण्याच्या त्या सल्ल्याचे काय, हेही तिथे निघाले. जुनी गाडी विकत घेणाऱ्या घरांना त्यातून शिकण्यासारखे आहे. किल्ली फिरवली आणि इंजिन सुरू केले नाही, तर हा दिवा पेटलेला दिसलाच पाहिजे. इंजिन सुरू होताच विझला पाहिजे. किल्ली फिरवल्यावर तो पेटतच नसेल तर कोणीतरी तो काढला आहे किंवा झाकला आहे. कोड नुकताच पुसला असेल तर तेही लपत नाही. संगणक आपल्या निरनिराळ्या तपासण्या पूर्ण झाल्या की तशी खूण ठेवतो, आणि पुसल्यानंतर काही दिवसांच्या निरनिराळ्या प्रवासांशिवाय त्या खुणा पुन्हा पूर्ण होत नाहीत. दीड-दोन हजारांच्या आत मिळणारे, मोबाइलला जोडता येणारे साधे यंत्रही या खुणा दाखवते. ‘तपासणी अपूर्ण’ असे तीन-चार ठिकाणी दिसले तर सौदा आठवडाभर पुढे ढकलावा आणि पुन्हा पाहावे. पीयूसीचे प्रमाणपत्र ताजे आहे म्हणून निश्चिंत होण्याचे कारण नाही. तिथे त्या घटकेचा धूर मोजला जातो, संगणकाची वही उघडली जात नाही.

आठ दिवसांनी गाडी मिरजेला गेली. उभ्या इंजिनावर आकडा अधिक आठ, अडीच हजार फेऱ्यांवर अधिक सात. गळतीची तूट गेली होती, काट्याची राहिली होती, आणि ती राहणारच होती. सर्व तपासण्या पूर्ण झाल्याच्या खुणाही आल्या होत्या. मिस्त्रींनी धुराच्या तपासणीसह बाराशे रुपये घेतले.

पाडव्याच्या सकाळी पेढीवर पूजा झाली. नव्या वहीवर कुंकू लागले. शेठजींनी गाडीची किल्ली दिवाणजींच्या हाती दिली तेव्हा बरोबर एक पाकीट दिले. त्यात चारही गॅरेजांच्या पावत्या होत्या, चुकीच्या तिन्हींसह, आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत ती तडकलेली नळी.

“दिवाणजी, काय झालं होतं आणि काय केलं, ते सगळं यात आहे. पुन्हा काही निघालं तर पेढीला कळवायचं.”

दिवाणजींनी पाकीट उघडून पावत्या तारखेप्रमाणे लावून घेतल्या. मग गाडीत बसून किल्ली अर्धी फिरवली. दिवा पेटला. नातू, सून, शेठजी, ओसरीवर खुर्चीत बसलेल्या आजी, सगळे त्याच्याकडे पाहत राहिले. त्यांनी किल्ली पूर्ण फिरवली. इंजिन सुरू झाले आणि दिवा विझला. दिवाणजींनी खिशातून पेन काढले, वहीत तारीख घातली आणि किलोमीटरचा आकडा लिहिला.